एका पीसचं काम : कोल्हापूरच्या फौंड्री आणि मशीनशॉपवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतीतले सर्व फौंड्रीमालक, मशीनशॉपवाले आणि पॅटर्नशॉपवाले यांस

स.न.वि.वि.

मी तुमच्या धंद्यातली नाही. सहकारी बँकेत नोकरी करते, राजारामपुरीत राहते. पण आमचे आप्पा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने घडवणारे. संध्याकाळी सायकल भिंतीला लावून, पायरीवर बसून, कानात अडकलेला सागवानाचा भुसा झटकणारा माणूस बघत मी मोठी झाले. त्यामुळे हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू), बॉक्स (ओतायचा वाळूचा साचा), कोअर, फेटलिंग हे शब्द मला परके नाहीत. ओळख सांगते ती एवढ्यासाठीच, की पुढं जे लिहिलंय ते बाहेरच्या माणसाची तक्रार म्हणून वाचू नका. माहेरवाशिणीची समजा.

विषय माझ्या गाडीचा आहे, आणि तिच्या निमित्तानं एकच पीस ओतून मागणाऱ्यांचा.

गाडी जपानी. नावानं जपानी आणि जन्मानं हरियाणाची, तशी नव्हे. तिकडंच पूर्ण तयार होऊन बोटीनं आलेली. इथं बनलेल्या गाड्यांचा चॅसिस नंबर 'एम'नं सुरू होतो, हिचा 'जे'नं. ते एक अक्षर वाचल्यावर पार्टवाल्याचा चेहरा कसा बदलतो, हे मी कैक वर्षं बघतेय. 2009 चं मॉडेल, 2016 साली पुण्यातून सेकंडहँड घेतली. "वैनी, एवढ्यात नवी कोरी आली असती," असं शेजारपाजारच्यांनी सांगून झालं. आली असती. पण गगनबावड्याच्या पावसात चारी चाकं ओढणारी आली नसती. पंधरा वर्षं भरल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करायला गेले, तर साध्या कारला 5,000 आणि आयात गाडीला 40,000 रुपये फी. एप्रिल 2022 पासून तसा दर आहे. म्हणजे सरकारदरबारी तिचं परदेशी असणं बरोब्बर लक्षात राहतं, फक्त पार्ट मागायची वेळ आली की सगळे विसरतात. कंपनीचं नाव लिहीत नाही. कुणाच्या नावानं बोटं मोडायला हे पत्र नाही.

2024 च्या जुलैत रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढून वर आलो आणि एका खड्ड्यात मागून 'ठक्क' असा आवाज आला. पुढं प्रत्येक गिअर बदलताना तोच. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली आणि टॉर्च मारून दाखवलं. मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, ज्यावर टांगलेलं असतं, तो ओतीव ब्रॅकेट तडकला होता. तड केसाएवढीच, पण तिच्यात तेल झिरपून त्यावर घाटातली लाल माती बसलेली, त्यामुळं कुंकवाची रेघ ओढल्यासारखी स्पष्ट दिसत होती. काढून हातात घेतला. तळहाताएवढा, दोन किलोच्या थोडा वर, तीन भोकं, एक वाकडा कान. पाठीवर ओतकामातलंच गोल घड्याळासारखं चिन्ह, कुठल्या महिन्यात ओतला ते सांगणारं. असले तुकडे आमच्या घरात दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेले असायचे.

सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, सुटा ब्रॅकेट येत नाही, अख्खी असेंब्ली घ्यावी लागेल. 31,000 रुपये, सगळे आगाऊ, दहा ते बारा आठवडे. भरले. तेराव्या आठवड्यात कळलं की 'बॅक ऑर्डर' आहे. सोळाव्यात कळलं की तो नंबर बदलून दुसरा आलाय. विसाव्यात कळलं की दुसराही बंद. पैसे परत मिळाले, खोटं कशाला बोलू. पण पाच महिने गाडी मागचा शाफ्ट काढून ठेवलेल्या अवस्थेत नुसत्या पुढच्या चाकांवर फिरत होती. बैल विकून नुसत्या जुवाचा हप्ता भरल्यासारखं.

मधल्या काळात बाकीचे उपायही करून झाले. मुंबईत कुर्ल्याला भंगारातल्या गाड्यांचे पार्ट मिळतात म्हणून तिकडं फोन केले. फोटो आला तो दुसऱ्याच मॉडेलचा, आणि "बसेल की मॅडम, थोडं घासून घ्या" हा सल्ला फुकट. दुबईत एकाकडं वापरलेला होता. त्याची किंमत, विमानाचं भाडं आणि इथली ड्युटी धरून हिशोब मांडला, तर जिन्नसापेक्षा त्याचा प्रवास महाग. भारत आणि जपानचा व्यापार करार 1 ऑगस्ट 2011 पासून लागू आहे, पण त्यातली सवलत घ्यायची तर माल जपानचाच असल्याचं रीतसर प्रमाणपत्र लागतं. दोन किलोच्या एका ब्रॅकेटसाठी ते मला कोण काढून देणार? 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सगळ्या पार्टवरचा जीएसटी 18 टक्के झाला, पूर्वी बहुतेकांवर 28 होता. चांगलंच झालं. पण जी वस्तू मिळतच नाही, तिच्यावर दहा टक्के वाचवून करायचं काय?

इथं एक गोष्ट कबूल करते. आयात गाडीच्या रडगाण्यातलं निम्मं आम्हा गाडीवाल्यांचंच अज्ञान असतं. पार्ट मागताना आपण गाडीचं नाव सांगतो, दुकानदार 'नाही' म्हणून मोकळा होतो. माझ्या बेल्टची आयडलर पुली कुरकुरत होती. ती कंपनीत अख्खीच मिळते, दर ऐकून मी खुर्चीत नीट बसले. मेस्त्रींनी जुनी पुली प्रेसवर दाबून आतलं बेअरिंग बाहेर काढलं, चिंधीनं पुसलं आणि कडेवरचा नंबर वाचला, 6203. म्हणजे आतलं माप 17, बाहेरचं 40, जाडी 12 मिलिमीटर. जगात कुठल्याही कंपनीचं घ्या, माप तेच. कोल्हापुरातही मिळतं आणि पंख्याच्या मोटरलाही तेच बसतं. फक्त गाडीसाठी जास्त फेऱ्यांचं आणि उष्णता सोसणारं, चांगल्या कंपनीचं घ्यायचं. चारशे रुपयांत काम झालं. ऑइल सीलवर तर तिन्ही मापं छापलेलीच असतात. शॉकअब्सॉर्बर केवायबीचे, वॉटर पंप आयसिनचा, सेन्सर डेन्सोचे, हबचं बेअरिंग एनएसकेचं. गाडीकंपनीच्या डब्यातही बहुतेक वेळा यांचाच माल असतो, फक्त डब्याचे पैसे वेगळे. तेव्हा गाडीवाल्यांनो, पार्टवर कोरलेला नंबर आधी वाचा. (आणि दुकानदारांनो, नंबर मी सांगत असताना उत्तर माझ्या नवऱ्याकडं बघून देऊ नका. त्यांना गाडीतलं फक्त एसीचं बटण माहीत आहे.)

पण बेअरिंग बाजारात मिळतं, ब्रॅकेट मिळत नाही. तो कुणीतरी ओतावाच लागतो. आणि तो ओतायला कोल्हापूरपेक्षा चांगली जागा कुठली, असं मला आपलं वाटायचं.

तडकलेला ब्रॅकेट पिशवीत घालून मी तुमच्या दारात आले. एकाच्या नाही, सात जणांच्या. कुणीही वाईट बोललं नाही, सगळ्यांनी चहा पाजला. आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. एकांचं वाक्य तसंच्या तसं लक्षात आहे, "ताई, आमची एक हीट पाचशे किलोची, तुमचा पीस दोन किलोचा. आम्ही काय करायचं सांगा." दुसऱ्यांनी विचारलं, "वर्षाला किती क्वांटिटी?" मी म्हटलं, एक. ते हसले, मीही हसले. तिसऱ्यांच्या यार्डात त्या वेळी नेमके असेच ब्रॅकेट रचून ठेवले होते, ट्रकचे, परदेशी निघालेले. माझ्या पिशवीतला त्यांच्या शेजारी ठेवला असता तर धाकटा भाऊ वाटला असता. व्हीएमसीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कातकाम करणाऱ्यांनी, सांगितलं की सेटिंगलाच अर्धा दिवस जाईल, त्या वेळात ते रोजच्या जॉबचे चाळीस पीस काढतात. चूक कुणाचीच नव्हती. हप्ते, लाइटबिल, माल वेळेत गेला नाही तर कापला जाणारा दंड, हे मी बँकेत रोज तुमच्याच फायलींत वाचते.

शेवटी काम झालं ते आप्पांच्या नावावर. त्यांच्याबरोबर काम केलेले एक काका अजून उद्यमनगरात बसतात, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावरही रोज येतात. ब्रॅकेट हातात घेतला, नखानं वाजवून बघितला, कानाशी धरला. म्हणाले, "एसजी आहे. साधं बीड नव्हे, बीड असं वाजत नाही." (एसजी म्हणजे मॅग्नेशियम देऊन चिवट केलेलं ओतीव लोखंड.) मी घरून आप्पांची पट्टी नेली होती. ही पट्टी लहानपणी मी शाळेत नेली म्हणून मार खाल्ला होता, कारण ती खोटी होती. वर बारा इंच लिहिलेले, पण शाळेच्या पट्टीला लावली की जवळजवळ एक सूत जास्त. लोखंड गार होताना आकसतं, तेवढं आधीच धरून पॅटर्न मोठा करायचा, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच लांब. काकांनी ती बघितली, कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली. "ही सीआयची, साध्या बीडाची. एसजी कमी आकसतं, याला दुसरी." त्यांच्या नातवानं तडकलेला पीस जोडून स्कॅन केला, प्रिंटरवर प्लॅस्टिकचा पॅटर्न काढला, आणि काकांनी त्याला पॉलिशपेपर मारून, कोपऱ्यांना मेणाची गोलाई देऊन वर एक शेरा मारला, "मशीनला कोपरा कळत नाही."

ओतायला त्यांनी एका छोट्या फौंड्रीत नेलं. तिथं त्या दिवशी एसजीचीच हीट होती. मॅग्नेशियम दिल्यावर मेटल दहा-पंधरा मिनिटांत ओतून संपवावं लागतं, उशीर झाला की त्याचा गुण जातो आणि उरलेलं मेटल पिगात टाकून पुन्हा भट्टीत जातं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. त्यांनी रांगेच्या मध्येच माझा एक बॉक्स ठेवला. लेडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, आला, आधीच्या बॉक्सवर गेला, माझ्यावर थांबला, पुढं सरकला. मला वाटतं सहा-सात सेकंद. पाच महिने, 31,000 रुपये, कुर्ला, दुबई, आणि हे सहा-सात सेकंद. बॉक्समध्ये काकांनी दोन पीस बसवले होते, एक बिघडला तर असू दे म्हणून. दोन्ही चांगले निघाले. भोकं आणि एक तोंड मशीन करून सगळा खर्च 7,800 रुपये आला, त्यात पॅटर्नचेच निम्म्याहून जास्त. ब्रॅकेट 2025 च्या जानेवारीपासून गाडीखाली आहे. चार महिन्यांनी उतरवून डाय पेनिट्रंट (बारीक तड दाखवणारा रंग) मारून बघितला, तड नाही. त्यानंतर आंबा घाट अकरा वेळा झालाय.

आता मुद्द्यावर येते. हे माझं काम ओळखीनं झालं. आप्पा पॅटर्नमेकर नसते तर झालं नसतं. आणि या जिल्ह्यात अडलेली मी एकटी नाही. जपानी जीप अंगणात झाकून ठेवलेले एक डॉक्टर मला ठाऊक आहेत. जुन्या जपानी पॉवर टिलरचा गिअरकेस फुटला म्हणून टिलर भंगारात घालणारे शेतकरीही. प्रेसवाल्यांची जपानी ऑफसेट मशीन, दवाखान्यातले कॉम्प्रेसर, सगळ्यांची गोष्ट तीच. कंपनीनं हात वर केलेला एकच पीस आणि आजूबाजूला शेकडो भट्ट्या. माझी विनंती एवढीच आहे की जे मला ओळखीनं मिळालं, ते त्यांना सरळ दारातून आत येऊन मागता यावं.

ते कसं, याचा विचार तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. मला दिसतं ते सांगते. एक खिडकी असावी, तुमच्या संघटनेच्या ऑफिसात म्हणा किंवा एखाद्या पॅटर्नशॉपमध्ये, आठवड्यातून एक दिवस. माणूस तुटलेला पीस घेऊन येईल, तिथला जाणकार तो बघून मेटल कुठलं, ओतता येतो का, की नुसतं आर्गननं वेल्डिंग करून भागेल, ते सांगेल. सीआय, एसजी, ॲल्युमिनियम असे पीस साठवायचे आणि ज्याची त्या ग्रेडची हीट असेल त्याच्या रांगेत एखादा बॉक्स सरकवायचा. पैसे घ्या, व्यवस्थित घ्या, धर्मादाय कुणी मागत नाही. माझ्या 7,800 चे 12,000 झाले असते तरी मी दिले असते. मशीनिंगसाठी आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना हे जॉब द्या. एकसारखे चाळीस पीस काढताना जे शिकता येत नाही, ते एका वेड्यावाकड्या ब्रॅकेटचं सेटिंग करताना शिकतात. आणि पॅटर्न फेकू नका. पॅटर्नचा खर्च पहिल्या माणसाच्या डोक्यावर पडतो, दुसऱ्याला फक्त ओतणावळ.

तुमच्यातल्या दोघा-तिघांनी मला विचारलं होतं, "उद्या कंपनीनं केस केली तर?" बँकेच्या वकिलांना विचारून आले. आपल्या 2000 च्या डिझाइन कायद्यानं संरक्षण मिळतं ते वस्तूच्या दिसण्याला, तिच्या यांत्रिक कामाला नव्हे, आणि तेही दहा वर्षं, वाढवून घेतलं तर आणखी पाच. पेटंट असलं तर वीस. डिफरन्शियलखालच्या जुन्या ब्रॅकेटला देखणेपणासाठी कुणी नोंदवत नाही. एक मात्र पाळायचं, कंपनीचं नाव किंवा चिन्ह पीसवर ओतायचं नाही आणि ओरिजनल म्हणून विकायचा नाही. आणि कायद्याचाच विषय निघाला म्हणून, स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 ला चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दल. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. म्हणजे वारा कुठल्या दिशेचा आहे ते दिसतंय. पण पोर्टलला भट्टी नसते.

दुसरा प्रश्न जास्त खरा होता, "तुटला आणि अपघात झाला तर?" याला माझं उत्तर असं की सगळं ओतायचं नाही. स्टिअरिंगचे सांधे, बॉलजॉइंट, ब्रेकचं काहीही, एअरबॅगच्या जवळपासचं काहीही, या यादीला खिडकीवरच ठाम 'नाही' म्हणायचं. तिथं माणसानं महिनाभर थांबावं, कर्ज काढावं, नाहीतर गाडी उभी करावी. उरतात ती ब्रॅकेट, हाऊसिंग, पुल्या, कव्हर, बुशांचे कप. त्यांचीही मेटल टेस्ट करून कागद द्या. रोजच्या हीटचा टेस्टबार, म्हणजे तपासणीचा तुकडा, तुम्ही ओतताच, त्याच रिपोर्टची एक झेरॉक्स.

बाबूराव पेंटरांचं नाव प्रत्येक भाषणात येतं, म्हणून घेणार नव्हते, पण घेते. बाबूराव आणि दामले यांनी 1918 साली याच गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला, तोही एकच पीस होता. त्या वेळी त्यांना कुणी "क्वांटिटी किती?" विचारलं असतं तर?

असो. दोनातला शिल्लक राहिलेला ब्रॅकेट माझ्या कपाटात आहे, पॅटर्न काकांकडं टांगलेला आहे. माझ्यासारखीच गाडी कुणाकडं असेल आणि तोच कान तुटला असेल, तर पॅटर्न घेऊन जा आणि काम झाल्यावर परत आणून टांगा. माझ्या गाडीत आता एसी कॉम्प्रेसर धरणाऱ्या ब्रॅकेटला भोकापाशी बारीक तड दिसायला लागली आहे. ॲल्युमिनियमचा आहे, साधारण नऊशे ग्रॅम. तो घेऊन कुणाच्या दारात येऊ, तेवढं कळवा.

आपली,
उद्यमनगरच्या एका पॅटर्नमेकरची लेक
राजारामपुरी, कोल्हापूर